मुलगा अठराचा झाला, कॉलेजचा खर्च कोणाचा?

आमच्या वस्तीतल्या एका मुलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. आई चार घरची धुणीभांडी करते. वडील सहा वर्षांपासून वेगळे राहतात. फीचे शिष्यवृत्तीतून भागेल. पण खोली, मेस, पुस्तके, एस.टी.चा पास यांचे काय? मुलाला अठरा पूर्ण होताच वडिलांनी कोर्टाने ठरवलेली पोटगी बंद केली. म्हणाले, "आता तो सज्ञान आहे."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. हुकूम जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ चा होता, आणि त्यात धडधाकट मुलाला अठरापर्यंतच पोटगी होती. (१ जुलै २०२४ पासून त्या कलमाच्या जागी नव्या संहितेचे कलम १४४ आले आहे.) पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. १९५६ चा दत्तक व पोटगी कायदा नावाने हिंदू आहे. आपल्याला तो शब्द रुचो न रुचो, तो बौद्धांनाही लागू आहे. त्यात पोटगी म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि शिक्षणही. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर जगू शकत नसेल, तर अठरानंतरही ती या कायद्याने मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मुलाचे तितके सोपे नाही. तरी मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एका बापाला मुलाची पहिली पदवी होईपर्यंत पैसे द्यायला लावले. प्रत्येक कोर्ट तसेच म्हणेल, अशी खात्री मात्र आम्ही देणार नाही.

म्हणून संमतीने फारकत घेताना करारातच लिहून घ्यावे: खर्च पदवीपर्यंत, कोणाचा वाटा किती, पैसे कोणत्या तारखेला. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरावा. दोन घरांचे भाडे भरणारा बाप काही सावकार नसतो. वकिलाच्या फीची धास्ती नको. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही भेटलो. पोटगीचे पैसे मुलावर खर्च होतात की नाही हे कधी कळलेच नाही, हा त्यांचा खरा राग. शेवटी एवढे ठरले: मेसचे पैसे ते दर महिन्याला थेट मेसवाल्याला देणार. खोलीभाड्यासाठी आईने बचत गटातून कर्ज उचलले आहे. पुस्तकांचे अजून ठरायचे आहे.