राजगृहीचा झुलता पूल आणि आपली पर्लकोटा

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही सम्मेदशिखरजीची वंदना करून पावापुरीमार्गे राजगृहीस गेलो होतो. बरोबर सौ. आणि पुण्याची नात. नातीचे वय बारा. या वयाला तीर्थयात्रेत किती गोडी वाटावी, याबद्दल माझ्या मनात शंका होती. परंतु शिखरजीचा डोंगर तिने आमच्या आधी चढला आणि आमच्या आधी उतरला.

राजगृहीचे महत्त्व या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. भगवान मुनिसुव्रतनाथांची ही जन्मभूमी. विपुलाचल, रत्नगिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी आणि वैभारगिरी हे पाच पहाड. दिगंबर परंपरेनुसार महावीरांची पहिली देशना विपुलाचलावर झाली, तर श्वेतांबर परंपरा त्यांचे चौदा वर्षावास राजगृही व नालंदा परिसरात झाल्याचे सांगते. दोन दिवसांत जमेल तितके दर्शन झाले. तिसऱ्या दिवशी नातीने आपला हक्क मागितला. बिहार शासनाने २०२१ मध्ये तेथल्या वनात ‘नेचर सफारी’ सुरू केली आहे. दरीवर पुढे आलेला काचेचा पूल, एक झुलता पूल आणि झिपलाइन, म्हणजे पोलादी तारेवरून घसरत जाण्याचा खेळ, असे सारे तेथे आहे. तिने हे घरूनच शोधून ठेवले होते.

काचेचा पूल सुमारे दोनशे फूट उंचीवर आहे. तेथे मी गेलोच नाही. झुलत्या पुलावर मात्र गेलो, आणि फजिती झाली. अशा पुलाचे सारे वजन दोन्ही बाजूंच्या तारांवर असते आणि त्या तारा दोन्ही काठांच्या भक्कम आधारात रोवलेल्या असतात. पायाखालची फळी केवळ पाऊल ठेवण्यापुरती. चालणाऱ्यांची पावले एका तालात पडू लागली की पूल डुलू लागतो. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही मध्यावर पोचल्यावर माझे पाय जागच्या जागी थिजले. दोन्ही हातांनी कठडा धरून मी उभा राहिलो. मागून सौ. म्हणाली, “अहो, खाली पाहू नका. चार हात पुढे पाहा.” चार हात पुढची जमीन पाहून चालणे ही तर साधूंची ईर्यासमिती! हसू आले आणि पायही सुटले. नात तोवर झिपलाइनच्या मचाणावर पोचली होती. कमरेला व मांड्यांना पट्टे, डोक्यावर हेल्मेट, वर तारेवर कप्पी. तार सुरुवातीला उंच आणि शेवटी सखल असते, इतकेच त्या खेळाचे गणित. पोर किंचाळत गेली आणि हसत थांबली.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकल्यावर, तिने विचारले, “आजोबा, तुमच्या चंद्रपूरला एवढं जंगल आहे. मग तिकडे असा पूल का नाही?”

प्रश्न सरळ होता. उत्तर देताना मी प्रथम भूगोल सांगितला. झुलत्या पुलाला अरुंद, खोल दरी आणि दोन्ही काठांना पक्का खडक हवा. आपल्या वर्धा, वैनगंगा, प्राणहिता या नद्या रुंद पात्रात, वाळू पसरत, संथपणे वाहणाऱ्या. विदर्भात दऱ्या पाहाव्यात त्या मेळघाटात. चिखलदऱ्यास गोराघाट आणि हरिकेन या दोन पॉइंटांमध्ये ४०७ मीटर लांबीचा स्कायवॉक उभारण्याचे काम सिडकोने हाती घेतले, ते याच कारणाने. इतके सांगून मी थांबलो. उत्तर पुरे झाले नव्हते, हे मला कळत होते. झुलत्या पुलाच्या मध्यावर माझे पाय का थिजले, तेही मी कोणाला सांगितले नव्हते.

पुढच्या दिवाळीत ती चंद्रपुरास आली. अमावास्येच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवून झाल्यावर मी म्हटले, “चल, आता आपल्याकडचे पूल दाखवतो.”

पहिला मुक्काम भद्रावती. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेण्यास आपली मंडळी देशभरातून येतात. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे एक व्यवस्थापक, त्यांना पडलेले नागाचे स्वप्न आणि त्यानंतर भांदकच्या जंगलात लाभलेली श्यामवर्ण मूर्ती ही कथा धर्मशाळेत कोणीही सांगतो. परंतु दर्शन घेऊन तडक परतणाऱ्या यात्रेकरूंपैकी गावातला डोलारा तलाव किती जण पाहतात? या तलावात एक प्राचीन दगडी पूल आहे. जाडजूड खांबांच्या दोन रांगा, त्यांवर आडव्या टाकलेल्या दगडी तुळया, आणि त्यांवरून बेटाकडे जाणारी वाट. पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम एकोणिसाव्या शतकात येथे आले, तेव्हाच तो त्यांना पुरातन वाटला होता. ना तार, ना कमान. नातीने खांबाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “हा हलत नाही.” तिच्या स्वरात थोडी निराशा होती, हे कबूल केले पाहिजे.

ती निराशा दुसऱ्या दिवशी आगरझरीत थोडी दूर झाली. ताडोबाच्या बफर क्षेत्रात, मोहर्लीच्या वाटेवर, फुलपाखरांचे उद्यान आणि साहसी खेळांची जागा आहे. राजगृहीच्या मानाने सारे छोटेखानी. परंतु मला ते आवडले. ज्या गावांच्या शेतात रानडुकरे शिरतात आणि ज्यांची गुरे वाघ नेतो, त्या गावांतल्या तरुणांना जंगलामुळे चार पैसे मिळावेत, हे न्यायाचेच आहे. ताडोबाच्या जंगलात १९५५ साली राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचा भार ज्यांनी वाहिला, त्यांच्या पदरात लाभ पडू लागण्यास मात्र फार वर्षे गेली.

तेथून आम्ही दक्षिणेस निघालो. आलापल्लीपासून काही अंतरावर ‘वनवैभव’ नावाचा राखून ठेवलेला जुना वनखंड आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेथल्या सागाच्या खोडाला आम्ही तिघांनी हात जोडून वेढा घालण्याचा प्रयत्न केला. पुढचा रस्ता भामरागडचा. रस्त्याच्या दुतर्फा रान आणि मधूनमधून नाले. एका नाल्यावर नातीने गाडी थांबवायला लावली. मुख्य रस्त्यापासून आत जाणाऱ्या पायवाटेवर गावकऱ्यांनी लाकडी पूल घातला होता. ओंडके रोवून त्यांवर बांबू आणि फांद्या बांधलेल्या. एका वेळी एकाने जावे इतकीच रुंदी. पाऊस संपला की आसपासच्या अनेक गावांत श्रमदानाने असे पूल बांधतात आणि पुढच्या पावसाळ्यात ते वाहून जातात. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई त्यावरून आली. कठडा नव्हता. ती खालीही पाहत नव्हती, पुढेही पाहत नव्हती; मागून येणाऱ्या लेकराशी बोलत होती.

“आजोबा, हा हलतो,” नात हळूच म्हणाली.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पलीकडे छत्तीसगडचे डोंगर. अलीकडे तीन किलोमीटरवर हेमलकसा, जेथे बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य वेचले. संगमावर सायंकाळचा प्रकाश उतरला की दृश्य असे असते की बोलू नये. पण पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. दर पावसाळ्यात पाणी त्यावर चढते आणि पलीकडची गावे दिवस-दिवस जगापासून तुटतात. त्याच्या शेजारी उंच पुलाचे काम हाती घेण्यात आले, ही आनंदाची गोष्ट. संगमाच्या काठी बसून मी नातीला राजगृहीचे राहिलेले उत्तर सांगितले.

गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यानंतर काही वर्षांनी माझी बदली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका शाखेत झाली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही बैलजोडीसाठी कर्जे देत असू. काही भाग अनुदान, उरलेला कर्ज. नदीपलीकडच्या एका माडिया शेतकऱ्याचा हप्ता पावसाळ्यात थकला. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली. ती मराठीत होती. त्याला मराठी वाचता येत नव्हते, आणि टपाल तरी नदी कसे ओलांडणार? दिवाळीच्या सुमारास वसुलीच्या फेरीसाठी मी त्याच्या गावी निघालो. नदीला अजून बरेच पाणी होते. एकाच खोडातून कोरलेला डोंगा, मी आणि वल्हवणारा पोरगा. मध्यधारेत डोंगा आडवा झाला. मला पोहता येत नाही. दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते. राजगृहीच्या पुलावर मला आठवला तो हा क्षण.

पलीकडे तो शेतकरी उभाच होता. हप्त्याचे पैसे त्याने फडक्यात बांधून ठेवले होते. दुभाष्याने सांगितले, तो दोनदा काठापर्यंत येऊन परत गेला होता, पाणी होते. मी पैसे मोजून घेतले आणि थकबाकीचे दंडव्याज लावले. सव्वीस रुपये काही पैसे. त्याने ते एका शेजाऱ्याकडून आणून दिले. मी पावती दिली.

“मग तुम्ही ते परत दिले?” नातीने विचारले.

“नाही. नियमात तशी तरतूद नव्हती.”

“तुमच्या खिशातून?”

ते मला तेव्हा सुचलेच नाही. खरे हे आहे. पुढे सुचले तेव्हा माझी बदली झाली होती. पर्युषणात क्षमापनेची पत्रे मी दरवर्षी लिहिली. नातेवाइकांना, सहकाऱ्यांना, ज्यांच्याशी कधी वाद झाला नाही अशांनाही. त्या पत्त्यावर एकही गेले नाही.

आता आमच्या जिल्ह्यांत काचेचे पूल, झिपलाइन, ‘साहसी पर्यटन’ हवे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या समाजातील उद्योजकही त्यांत आहेत, आणि त्यांना विरोध करण्यासाठी मी हे लिहीत नाही. बफरमध्ये, गावांना बरोबर घेऊन, झाडे न पाडता काही करता आले तर जरूर करावे. परंतु श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे. तिच्यात प्रमादचर्येचा निषेध येतो: विनाकारण झाड तोडणे, जमीन खणणे, पाणी सांडणे. करमणूक हे ‘कारण’ होते की नाही, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मी स्वतः गाभ्याच्या जंगलात तारेचा एक खांबही रोवू देणार नाही. दुसरे, सवय जडलेला माणूस म्हणून, मी तपासणीची वही मागेन. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर पुन्हा खुला झाल्यावर चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळला आणि १३५ माणसे गेली. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला पडला. पुलावर किती माणसे सोडली, हे मोजणारा माणूस पुलाइतकाच महत्त्वाचा. राजगृहीस तो होता, हे नमूद केले पाहिजे.

आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ‘ईर्या’ नावाचे अध्ययन आहे. साधूने नदी कशी ओलांडावी, याचे नियम त्यात आहेत. आधी जमिनीची वाट शोधावी, लांबची असली तरी. निरुपाय झाला तरच नाव. पाण्यातून चालावे लागले तर एक पाय पाण्यात आणि एक पाय बाहेर, सावकाश. ओलांडणे ही गोष्ट आपल्या पूर्वाचार्यांनी इतकी गंभीर मानली. पावसाळ्याचे चार महिने तर साधू चालतच नाहीत. भामरागडपलीकडची गावेही चार महिने थांबतात. त्यांनी मात्र ते व्रत घेतलेले नाही.

परतीच्या वाटेवर नातीने पुन्हा त्या बांबूच्या पुलापाशी गाडी थांबवली. गावातली दोन मुले तेथे होती. ती तिला पलीकडे घेऊन गेली, एक पुढे आणि एक मागे. पट्टे नाहीत, हेल्मेट नाही. खाली गुडघाभर पाणी. ती गेली, परत आली आणि मला म्हणाली, “आता तुम्ही.”

सौ.ने माझी काठी घेतली. मी चपला काढल्या. पलीकडे पोचायला मला बराच वेळ लागला. दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता; त्याला मी, मोडक्यातोडक्या माडियात, त्या शेतकऱ्याच्या गावाचे नाव सांगून वाट विचारली. त्याने हात करून जंगलाच्या आत दाखवले आणि दोन बोटे वर केली. दोन तास, की दोन नाले, ते मला नीट कळले नाही. दिवस कलला होता. सूर्यास्तापूर्वी आलापल्ली गाठावयाची होती. फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहे.