सुताच्या कोनातली परी

सिसिली मेरी बार्कर या मुलीचं बालपण आजारपणामुळे घरातच गेलं. तिला फिट्स येत. शाळा नाही, मैदान नाही. शिकवायला बाई घरी येत आणि उरलेला वेळ रंगपेटीत जाई. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये राहणाऱ्या या मुलीला वडिलांनी टपालाने चालणाऱ्या चित्रकलेच्या वर्गात घातलं. 1911 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिची चार चित्रं राफाएल टक या कंपनीने पोस्टकार्डांसाठी विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी वडील वारले. पुढे थोरली बहीण डोरोथी घरातल्याच एका खोलीत बालवाडी चालवू लागली आणि सिसिली चित्रं विकून घराला हातभार लावू लागली.

1923 साली ब्लॅकी या प्रकाशकाने तिच्या वसंतातल्या फुलपऱ्यांची 24 चित्रं, सोबतच्या कवितांसकट, अवघ्या 25 पौंडांना घेतली. 1925 साली दुसरं पुस्तक निघालं, तेव्हा कुठे तिला रॉयल्टी मिळू लागली. त्या फुलपऱ्या आज शंभर वर्षांनंतरही छापल्या जातात.

पऱ्यांवर जीव असणारी माणसं पुष्कळ असतात. त्या जिवावर घर चालवणं फार थोड्यांना जमतं. बार्करला ते जमलं याचं मोठं कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. तिच्या पऱ्या हवेतून आलेल्या नाहीत. बहिणीच्या बालवाडीतली मुलंच तिच्यासमोर परी होऊन उभी राहत. शनिवारी घरकामाला येणारी एक मुलगीही तिच्या एका चित्रात परी झाली आहे. प्रत्येक फुलासाठी ती स्वतः पोशाख शिवायची. पंख करायची काटक्यांचे आणि तलम जाळीदार कापडाचे. चित्र पुरं झालं की पोशाख उसवायचा आणि तेच कापड पुढच्या फुलाला वापरायचं. फूल मात्र हुबेहूब असायला हवं, हा तिचा हट्ट. लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानातली माणसं तिला नमुने आणून देत.

मुलं, चिंध्या, काटक्या आणि समोर खरं फूल, एवढंच तिचं भांडवल. अशाच पऱ्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत करायच्या म्हटल्या, तर यातलं काहीही शोधायला लांब जावं लागत नाही.

भिवंडी मागांची. इथून रोज कच्च्या कापडाचे तागे बाहेर पडतात आणि मागे उरतं ते चिंधीवाल्याकडे जातं. हे उरलेलं मुलांच्या हस्तकलेच्या नजरेने पाहिलं तर डोळे विस्फारतात. सूत येतं ते कागदी कोनावर गुंडाळून. कोन रिकामा झाला की उलगडलेल्या घागऱ्यासारखा दिसतो, आणि कसलाही आधार न लावता टेबलावर उभा राहतो. रेपियर मागावर कापडाच्या कडेची झालरदार पट्टी कापून वेगळी पडते. ती परीच्या डोक्यावर चिकटवली की केस तयार. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. तीच युक्ती घरात साबुदाण्याच्या खळीने करता येते: तलम कापड खळीत बुडवायचं, बांबूच्या बारीक काड्यांवर ताणून वाळवायचं, मग कापायचं. पंख कडक होतात आणि तरी त्यांच्यातून उजेड दिसतो. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या पंखांना ही नजाकत नाही.

मग प्रश्न उरतो परीच्या चेहऱ्यामोहऱ्याचा. दुकानात परी म्हणून जे मिळतं ते बहुतेक टिंकर बेलच्या वळणाचं असतं. जे. एम. बॅरी यांच्या 'पीटर पॅन' या 1904 सालच्या नाटकातली ही परी. रंगमंचावर ती नुसता नाचता उजेड आणि घंटेचा नाद एवढीच होती. हिरव्या झग्यातलं तिचं आजचं रूप डिस्नेच्या 1953च्या चित्रपटातलं, आणि ते डिस्नेच्या मालकीचं. ते उचलून विकणं हा कायद्याने गुन्हा आहे. बार्करच्या चित्रांचंही तसंच. ती 1973 साली वारली, आणि भारतीय कायद्याप्रमाणे लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क अबाधित राहतात. म्हणजे 2033 संपेपर्यंत तिची चित्रं विनापरवाना छापता येणार नाहीत. घ्यायची ती तिची रीत, चित्र नव्हे.

आणि खरं सांगायचं तर उसनी परी आणण्याची भिवंडीला गरजच नाही. या गावात उर्दू आहे, मराठी आहे, तेलुगू आहे. उर्दूत आगा हसन अमानत यांचं 'इंदरसभा' हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लखनौत लिहिलेलं नाटक आहे. त्यात इंद्राच्या दरबारात एकामागून एक पऱ्या येतात: पुखराज परी पिवळी, नीलम परी निळी, लाल परी, सब्ज परी. पारशी रंगभूमीने हे नाटक मुंबईत गाजवलं. 1932 साली त्यावर बोलपट निघाला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. चार रंगांच्या चार पऱ्या, रंगावरून ओळखायच्या! मुलांच्या हस्तकलेसाठी याहून सोपा आणि देखणा आराखडा सापडणं कठीण.

मराठी घरात तर फुलाला नेसवण्याची रीतच आहे. कोकणात आणि ठाणे जिल्ह्यातही भाद्रपदात तेरड्याची रोपं आणून गौर उभी करतात. तिला साडी नेसवतात, मुखवटा लावतात, दागिने घालतात. हे बघत वाढलेल्या मुलीला फुलपरी समजावून सांगावी लागत नाही. मात्र एक पथ्य पाळायला हवं. गौर असो की पाणवठ्यावर शेंदूर लावून पुजलेल्या साती आसरा, त्या देवता आहेत. त्यांचं खेळणं करू नये. फूल घ्यावं: तेरड्याची गुलाबी परी, पळसाची केशरी, बहाव्याची पिवळी, पारिजातकाची पांढरी आणि तिच्या घागऱ्याला देठाच्या रंगाची किनार. ज्या महिन्यात जे फूल, त्या महिन्यात ती परी. वर्षभराची मालिका आपोआप तयार होते.

आता धंद्याचं बोलू. तयार परी विकण्यापेक्षा परी बनवण्याचं सामान आणि बनवण्याचा तास विकावा, हे अधिक शहाणपणाचं. तयार बाहुलीला यंत्राच्या मालाशी भावात झुंजावं लागतं. मुलाने स्वतः केलेल्या परीला स्पर्धाच नाही. एका खोक्यात एक कोन, कापलेली झालर, खळ दिलेला कापडाचा तुकडा, डोक्यासाठी लाकडी मणी आणि फुलाचं चित्र असलेली सूचनांची चिठ्ठी, तीही मराठीत आणि उर्दूत. शाळांत कार्यानुभवाचे तास असतात, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, मे महिन्यात शिबिरं. गॅदरिंगच्या हंगामात मुलींच्या पाठीवरचे पंख लागतातच. ते भाड्याने देण्याचा वेगळा व्यवसाय होऊ शकतो.

नियम मात्र आधी वाचावेत. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या मालाला यातून सूट आहे. म्हणून कारागीर ओळखपत्र काढणं हे पहिलं काम. सूट मिळाली तरी जबाबदारी सुटत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटा मणी जाता कामा नये, तो घशात अडकतो. पंखांत तार नको. बांबूची काडीही टोकं घासून गुळगुळीत केलेली हवी. कारखान्यातली चिंधी धुऊन, वाळवून, सुईचा किंवा तारेचा तुकडा राहिला नाही ना हे हाताने चाचपून मगच कापावी.

काळही अनुकूल आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 साली 70 झालं, त्यामुळे देशी मालाला बाजारात जागा झाली. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या आणि खेळणी करणारेही आहेत. त्यांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. बचत गट असेल तर राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजे 'उमेद'च्या, मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात माल मांडता येतो, आणि तिथलं गिऱ्हाईक भिवंडीपासून तासा-दोन तासांवर आहे.

सुरुवात एका बालवाडीपासून करावी, जिथे बार्करला तिच्या पऱ्या मिळाल्या. दहा मुलं, दहा कोन आणि एकच फूल. कुठल्या पायरीवर हात अडतात, कुठली चिठ्ठी वाचता येत नाही, कुठे मूल कंटाळून उठतं, हे तिथे कळतं. ते दुरुस्त केल्यावर दुसऱ्या शाळेत जावं, आणि मग खोकी छापायला टाकावीत.