आरंभीच्या बोलपटकाळातील चित्रपटगृहांची यंत्रसामग्री

मूकपटांची जागा बोलपटांनी घेतली तेव्हा, मुख्यतः इ.स. १९३० च्या दशकात, चित्रपटगृहांमध्ये प्रक्षेपण, ध्वनी, प्रकाश व वीजपुरवठा यांसाठी नवी उपकरणे बसविण्यात आली. या लेखात त्या उपकरणांचे कार्य आणि महाराष्ट्रातील, विशेषतः वऱ्हाडासारख्या भागातील चित्रपटप्रदर्शनावर झालेला त्यांचा परिणाम यांची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

अर्देशर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात प्रदर्शित झाला. पुढील वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट पडद्यावर आणला. मूकपटाच्या काळात चित्रपटगृहाची गरज मर्यादित होती. एक प्रक्षेपक, एक प्रखर दिवा, पडदा आणि पडद्याजवळ बसणारे पेटी-तबल्याचे वादक एवढ्यावर खेळ होत असे. अनेक ठिकाणी यंत्र हाताने फिरवीत आणि प्रसंगानुसार वेग कमीजास्त करीत. चित्राचा वेग थोडा बदलला तरी डोळा ते चालवून घेतो. ध्वनीचा वेग बदलला की स्वरच चढतो किंवा उतरतो, आणि कानाला ते लगेच खटकते. बोलपटाच्या यंत्रसामग्रीतील बहुतेक बदलांचे मूळ या एका फरकात आहे.

त्यामुळे हाताच्या दांड्याची जागा विजेच्या मोटारीने घेतली आणि सेकंदाला २४ चौकटी हा वेग निश्चित झाला. या वेगाने मिनिटाला ९० फूट फीत धावते. दोन तासांच्या बोलपटाला सुमारे १०,८०० फूट फीत लागते, म्हणजे हजार फुटांची अकरा रिळे.

तबकडीवरील ध्वनी

आरंभी दोन पद्धती प्रचलित होत्या. अमेरिकेतील व्हिटाफोन पद्धतीत ध्वनी १६ इंच व्यासाच्या तबकडीवर मुद्रित केलेला असे. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि तिच्यावरील सुई आतून बाहेरच्या दिशेने सरके. प्रत्येक रिळासाठी एक तबकडी असे. प्रक्षेपक व तबकडी एकाच मोटारीने फिरत. फीत तुटून काही चौकटी कापाव्या लागल्या, तर तितक्याच काळ्या चौकटी जोडणे भाग पडे. अन्यथा पुढील सर्व संवाद ओठांच्या हालचालींपासून सुटत. सुमारे वीस वेळा वाजविल्यावर तबकडी बदलावी लागे. या अडचणींमुळे ही पद्धत काही वर्षांतच मागे पडली.

फितीवरील ध्वनी

दुसऱ्या पद्धतीत ध्वनी फितीच्या कडेला, चित्राशेजारच्या अरुंद पट्ट्यात, प्रकाशचित्राच्या रूपात उमटविलेला असे. काही कंपन्या या पट्ट्याचा गडदपणा कमीजास्त करीत, तर आरसीए फोटोफोनसारख्या पद्धतीत पट्ट्यातील पारदर्शक भागाची रुंदी बदले.

हा ध्वनी वाचण्यासाठी प्रक्षेपकाखाली स्वतंत्र ‘साउंड हेड’ जोडलेले असे. त्यातील छोट्या दिव्याचा प्रकाश बारीक फटीतून धावत्या ध्वनिपट्ट्यावर पडे. पलीकडे गेलेला, कमीजास्त होणारा प्रकाश प्रकाशविद्युत् घटावर पडून त्याचे क्षीण विद्युत्प्रवाहात रूपांतर होई.

येथे एक मोठी अडचण होती. चित्र दिसण्यासाठी प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर थांबावी लागते. ध्वनी वाचताना मात्र फीत अखंड, एकसारखी सरकावी लागते. म्हणून दोन्ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी होत. चौकटीमागून चौकट खेचणाऱ्या चक्राच्या पुढे फितीचा सैल वळसा ठेवीत आणि साउंड हेडमध्ये जड चक्र जोडलेल्या रुळावरून फीत स्थिर गतीने नेत. या अंतरामुळे प्रत्येक ध्वनी त्याच्या चित्रापेक्षा २० चौकटी पुढे छापलेला असे. हे अंतर सुमारे ३८ सेंटिमीटर भरते. वेळेच्या हिशेबाने ते एका सेकंदापेक्षा थोडे कमी आहे. फीत ओवताना वळसा चुकला, तर संवाद आधी आणि ओठ मागाहून, किंवा याच्या उलट, असा प्रकार होई.

ध्वनिवर्धक, कर्णे व पडदा

प्रकाशविद्युत् घटातून येणारा प्रवाह व्हॉल्व्ह असलेल्या ध्वनिवर्धकाने वाढवून कर्ण्यांकडे पाठवीत. या ध्वनिवर्धकांची शक्ती आजच्या मानाने फार अल्प होती. तरीही मोठ्या, वळणदार कर्ण्यांमुळे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. आवाज पात्राच्या मुखातूनच आल्यासारखा वाटावा म्हणून कर्णे पडद्यामागे ठेवीत आणि पडद्याला असंख्य बारीक छिद्रे पाडलेली असत. या छिद्रांमुळे पडद्यावरून परतणारा प्रकाश घटे, म्हणून अधिक प्रखर दिव्याची गरज भासे.

इमारतीचाही प्रश्न होता. या काळात महाराष्ट्रातील अनेक नाट्यगृहांचे चित्रपटगृहांत रूपांतर झाले. पत्र्याचे छप्पर व उघड्या भिंती असलेल्या सभागृहात कर्ण्याचा आवाज घुमे आणि शब्द एकमेकांत मिसळत. त्यावर उपाय म्हणून जाड पडदे व ध्वनिशोषक तक्ते लावीत.

प्रकाश व प्रक्षेपणकक्ष

प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रज्योत पेटवीत. कांड्या जळून झिजत, त्यामुळे त्यांतील अंतर सतत सांभाळावे लागे. अखंड खेळासाठी दोन प्रक्षेपक लागत. रीळ संपत आल्यावर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमके. पहिल्या ठिपक्याला ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करी आणि दुसऱ्या ठिपक्याला चित्र व ध्वनी दोन्ही तिकडे वळवी.

त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही होती. म्हणून प्रक्षेपणकक्ष अग्निरोधक बांधीत. फीत धातूच्या बंद डब्यांतून सोडीत आणि कक्षाच्या खिडक्यांना आग लागताच पडणाऱ्या झडपा बसवीत. जुनी नायट्रेट फीत आपोआपही कुजते. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातील साठ्याला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती नष्ट झाल्या.

वऱ्हाड, वीज आणि फिरती चित्रपटगृहे

यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. चित्रपटवितरणाच्या व्यवसायातही या भागाचा ‘सी.पी.-बेरार’ असा स्वतंत्र विभाग मानला जाई. अमरावती आणि भुसावळ ही वितरणाची महत्त्वाची केंद्रे होती. मोठ्या शहरांत चालून झालेल्या प्रती लहान गावांत पोहोचत, तोवर त्या अनेकदा तुटून जोडलेल्या असत. मूकपटात सांधा डोळ्यांसमोरून निघून जाई; बोलपटात प्रत्येक सांध्याला कर्ण्यातून ठोका ऐकू येई. तो दबावा म्हणून सांध्यावरील ध्वनिपट्ट्याला काळी शाई लावीत.

वीज हा लहान गावांतील सर्वांत मोठा अडसर होता. दिव्याच्या प्रज्योतीला एकदिश प्रवाह हवा असे, मोटारीला स्थिर वेग हवा असे आणि साउंड हेडच्या दिव्याला किंचितही चढउतार चालत नसे. अन्यथा कर्ण्यातून गुणगुण येई. जिथे वीज नव्हती, तिथे तेलावर चालणारे इंजिन व जनित्र बाळगावे लागे. जत्रांमधून तंबू ठोकून खेळ करणाऱ्या फिरत्या टॉकीजनी हाच मार्ग पत्करला. त्यांच्याकडे एकच प्रक्षेपक असल्यास प्रत्येक रिळानंतर खेळ थांबे.

या बदलाची झळ माणसांनाही लागली. पडद्याजवळचे वादक आणि कथा समजावून सांगणारे निवेदक यांचे काम संपले. ज्यांना नव्या यंत्रांचा खर्च पेलवला नाही, ते मालक उरलेल्या मूकपटांवर काही काळ तग धरून राहिले. दुसरीकडे, अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकाला मधल्या लिखित पाट्या दुसऱ्याकडून वाचून घेण्याची गरज उरली नाही. चित्रपट त्याच्या कानापर्यंत थेट पोहोचला.

नंतरचा काळ

१९५० च्या सुमारास नायट्रेटऐवजी सहज न पेटणारी फीत आली. पुढे कार्बन कांड्यांची जागा झेनॉन दिव्याने आणि व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. प्रकाशाने ध्वनी वाचण्याची पद्धत डिजिटल प्रक्षेपण येईपर्यंत टिकून होती. सेकंदाला २४ चौकटींचा वेग आजही बहुतेक चित्रपटांत पाळला जातो.