सलग आठ की अठरा मोसमांत सहा?

वेगवेगळ्या खेळांतल्या साम्राज्यांची तुलना निघाली की आपण करंडक मोजायला बसतो. त्या हिशेबात बॉस्टन सेल्टिक्स पुढेच राहणार. 1959 ते 1966 अशी सलग आठ बास्केटबॉल विजेतेपदं अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कुणाला जमलेली नाहीत. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी 2001 ते 2018 या अठरा मोसमांत सुपर बोल हा अंतिम सामना सहा वेळा जिंकला. तरी पहिला मान मी पेट्रियट्सना देईन. सेल्टिक्सची घोडदौड सुरू झाली तेव्हा लीगमध्ये संघ होते आठ, आणि मालकाच्या मर्जीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. सेल्टिक्सचा आधारस्तंभ बिल रसेल तेरा मोसम तिथेच खेळला. पेट्रियट्ससमोर तीस-एकतीस संघ होते आणि विजेत्याला खाली ओढणारे नियमही होते. 1994पासून तिथे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. जिंकलं की खेळाडूंचे भाव वाढतात, सगळ्यांना तेवढं देणं परवडत नाही आणि कमावलेली माणसं हातची जातात. नवे खेळाडू निवडतानाही तळाच्या संघाचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा.

यावर कुणी म्हणेल, तिथे बाद फेरीत एकेकच सामना, म्हणजे नशिबाचाच खेळ. पेट्रियट्सचे पहिले तिन्ही सुपर बोल प्रत्येकी तीनच गुणांनी जिंकलेले आहेत, हे खरंच. पण अठरा मोसमांत नऊ वेळा अंतिम सामना गाठणं नशिबाने होत नाही, आणि 2007च्या मोसमात ओळीने 18 सामने जिंकून शेवटचा 17-14 असा गमावला तेव्हा तेच नशीब उलटलंही. त्याच मोसमात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चित्रित केल्याबद्दल त्यांना दंड झाला, तो डाग मात्र राहतोच. मग सेल्टिक्सना सगळं आयतं मिळालं का? मुळीच नाही. 1962च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना 100-100 असा अडला होता. शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्धी लेकर्सच्या फ्रँक सेल्वीचा चेंडू कड्यावरून उडाला, तो रसेलने झेलला आणि जादा वेळेत बॉस्टन 110-107 जिंकलं. रसेलचे त्या दिवशी 30 गुण आणि 40 रिबाउंड. नियमांनी त्याला बॉस्टनमध्ये ठेवलं. तो चेंडू मात्र त्यालाच पकडावा लागला.

खेळाडू टिकवून ठेवणारी व्यवस्था आणि संघ मोडणारी व्यवस्था, हा फरक क्रिकेटमध्ये मुंबई या एकाच शहरात दिसतो. 1958-59 ते 1972-73 सलग पंधरा रणजी करंडक जिंकणाऱ्या संघातले खेळाडू बँका-कंपन्यांत नोकरी करत आणि वर्षानुवर्षं इथेच राहत. पंधराव्या अंतिम सामन्यात चेपॉकवर 16 धावांत 8 बळी घेणारे पद्माकर शिवलकर त्यांच्यातलेच. आयपीएलमधल्या मुंबई इंडियन्सची 2013 ते 2020मधली पाच विजेतेपदं तेवढी सलग नाहीत, पण ती दर काही वर्षांनी संघ मोडणाऱ्या लिलावाला तोंड देत मिळवलेली आहेत. 2022च्या मोठ्या लिलावाच्या वेळी हार्दिक पंड्या, क्विंटन डी कॉक, ट्रेंट बोल्ट दुसरीकडे गेले. त्या मोसमात मुंबई दहा संघांत शेवटची आली आणि करंडक पंड्याच्या गुजरातने उचलला.