मानसशास्त्राची बारावीची परीक्षा : पूर्वतयारी आणि स्मृतीविषयक संशोधन

प्रस्तावना :
महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बहुतांश विद्यार्थ्यांना मानसशास्त्र हा विषय अकरावीत प्रथमच भेटतो. बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, मानसिक विकार अशा घटकांची परिभाषा त्यांना दोन वर्षांत आत्मसात करावी लागते. त्यामुळे व्याख्या घोकणे, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करणे आणि परीक्षेच्या तोंडावर पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे हाच पूर्वतयारीचा रूढ मार्ग बनतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात तर मानवी स्मृतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र स्मृतीचे नियम उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी ते स्वतःच्या अभ्यासाला क्वचितच लावतो. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

विस्मरणाचे स्वरूप :
हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्दावयव स्वतः पाठ करून विस्मरणाचे मापन केले व १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीच यादी पुन्हा पाठ करताना श्रमांची किती बचत होते, हा त्याचा निकष होता. सुमारे २० मिनिटांनंतर ही बचत ५८ टक्के, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के आढळली. अर्थपूर्ण मजकूर तुलनेने सावकाश विसरला जातो, हे खरे. तथापि विस्मरणाचा वेग आरंभी अधिक असतो व पुढे मंदावतो, हे तत्त्व महत्त्वाचे आहे. एकाच दिवशी सलग चार तास वाचण्यापेक्षा तेच चार तास काही दिवसांच्या अंतराने विभागणे अधिक फलदायी ठरते, हेही पुढील अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे.

पुनर्वाचन की प्रत्यावाहन ? :
रोडिगर व कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काही उतारे त्यांनी दुसऱ्यांदा वाचले, तर काही उताऱ्यांचा आठवेल तेवढा भाग न पाहता लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुनर्वाचन सरस ठरले : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. एका आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. पुनर्वाचन केलेल्या मजकुरापैकी ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्या मजकुरापैकी ५६ टक्के भाग स्मरणात राहिला. दुसऱ्या प्रयोगात असेही आढळले की, आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वारंवार वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होता.

विद्यार्थ्यांच्या एका नेहमीच्या तक्रारीचा उलगडा येथे होतो. "रात्री सगळे येत होते, पेपरात काहीच आठवले नाही" असे सांगणारा विद्यार्थी आळशी असतोच असे नाही. पुस्तक समोर असताना मजकूर परिचित वाटणे ही प्रत्यभिज्ञा होय. परीक्षेत मात्र प्रत्यावाहन अपेक्षित असते. एकीचा सराव करून दुसऱ्याची अपेक्षा धरल्याने त्याची फसगत होते. डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा अभ्यासतंत्रांचा आढावा घेतला. त्यातही स्वचाचणी व विभागलेला सराव यांना उच्च, तर पुनर्वाचन व अधोरेखन यांना अल्प उपयुक्ततेचे मानले आहे.

विषयाच्या दृष्टीने उपयोजन :
मानसशास्त्रात परस्परांशी साम्य असणाऱ्या संकल्पना पुष्कळ आहेत. ऋण प्रबलन व शिक्षा यांत विद्यार्थी हमखास गल्लत करतात. मच्छरदाणी लावल्याने डासांचा त्रास थांबतो व ती लावण्याची सवय दृढ होते, हे ऋण प्रबलन होय. उशिरा आल्यास दंड भरावा लागतो व उशिरा येणे कमी होते, ही शिक्षा. पहिल्यात वर्तन वाढते, दुसऱ्यात घटते. असे उदाहरण विद्यार्थ्याने पुस्तक मिटून स्वतः रचले, तर आठवणे आणि समजणे या दोन्हींची परीक्षा होते. त्यानंतर पुस्तक उघडून चूक दुरुस्त करणे आवश्यकच आहे. अन्यथा चुकीचे उत्तरच पक्के होण्याचा धोका राहतो.

अध्यापकांची भूमिका :
ही पद्धती विद्यार्थी आपणहून स्वीकारतील, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. आठवून लिहिताना अडखळावे लागते, आणि हे अडखळणे त्यांना अपयश वाटते. म्हणून तासिकेच्या आरंभी पाच मिनिटे मागील आठवड्याच्या घटकावर दोन प्रश्न द्यावेत, उत्तरे न पाहता लिहून घ्यावीत व लगेच वर्गातच तपासावीत. त्यांना गुण नसावेत. गुणांचा भार आला की सरावाचे रूपांतर पुन्हा परीक्षेच्या भीतीत होते. यासाठी वेगळा निधी वा साधनसामग्री लागत नाही. खाजगी शिकवणी परवडत नसलेल्या विद्यार्थ्याला याचा लाभ विशेष होईल, कारण अभ्यास कसा करावा हे सांगणारे दुसरे कोणी त्याच्याजवळ बहुधा नसते.

समारोप :
महाविद्यालयांत चाचणीकडे प्रामुख्याने मूल्यमापनाचे साधन म्हणून पाहिले जाते. वरील संशोधनानुसार ती अध्ययनाचेही साधन आहे. फेब्रुवारी-मार्चमधील परीक्षेची तयारी जानेवारीतील सराव परीक्षेपासून नव्हे, तर जूनमधील पहिल्या घटकापासून, थोड्या थोड्या प्रत्यावाहनाने सुरू व्हावयास हवी. मानसशास्त्राच्या वर्गात याचा आरंभ होणे अधिक उचित ठरेल. कारण तेथे पाठ्यविषय आणि अभ्यासपद्धती एकमेकांना थेट आधार देऊ शकतात.