विणकामाचा कागद कसा वाचावा?

‘२ एकत्र ३ वेळा लोकर पुढे १ सुलट ६ वेळा २ एकत्र ३ वेळा. असेच शेवटपर्यंत.’

वाचकहो, ही ओळ वाचून आपणांस काही बोध झाला काय? झाला नसल्यास खंत मानू नये. वर्षानुवर्षे ज्यांच्या हातात सुया आहेत, अशा गृहिणीदेखील या ओळीपाशी अडखळतात. ही ओळ एका लोकरीच्या पांघरुणाच्या कागदातील आहे, आणि तो कागद काशीतील अमृतराव घाटामागच्या गल्लीत, एका मराठी घरात माझ्या पाहण्यात आला.

राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून वार्षिक सात लाखांच्या तनख्यावर उत्तरेत आले आणि १८२४ साली काशीतच निवर्तले. त्यांनी बांधविलेला हा दगडी घाट नारदघाटाच्या शेजारी असून त्यास राजाघाट असेही म्हणतात. जवळच बंगाली टोला. त्यामुळे या भागातील मराठी घरांच्या उंबऱ्याशी हिंदी आणि बंगाली या दोन्ही भाषा नित्य उभ्या असतात. ही गोष्ट वरवर पाहता विणकामाशी संबंध नसलेली वाटेल. पण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

माझे मामेभाऊ या गल्लीत राहतात. गेल्या पौषात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा वहिनी एकच पांघरूण चौथ्यांदा उसवीत बसल्या होत्या. मामांचे वय ऐंशीच्या घरात. गंगेवरून येणारा गार वारा आणि दुपार होईतो न विरणारे धुके यांपुढे त्यांचे जुने पांघरूण पुरेनासे झाले होते, म्हणून वहिनींनी दिवाळीनंतर लोकर आणली. कागद त्यांच्या नागपूरच्या ताईंचा. एका इंग्रजी पत्रकावरून ताईंनी तो स्वतःच्या हाताने मराठीत उतरवून धाडला होता, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. शंका विचारावी तर कोणाला? कागद बाजूस सारून दुसरा नमुना घ्यावा, तर त्याला वहिनींचे मन होईना. शेवटी त्यांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला होता. ‘माझाच हात आवळ असेल हो. दर वेळी पट्टी सुपासारखी निमुळती होत जाते,’ त्या म्हणाल्या.

हात आवळ असेल तर टाके लहान होतात. ते संख्येने कमी होत नाहीत. मी वहिनींना टाके मोजावयास सांगितले. आरंभी सुईवर १७० टाके घातले होते. तिसरी ओळ संपल्यावर ते १२५ भरले. म्हणजे ४५ टाके नाहीसे झाले होते. आता दोन्ही कडांचे चार-चार मिळून आठ टाके वगळले, तर उरलेल्या १६२ टाक्यांत अठरा टाक्यांची नक्षी बरोबर नऊ वेळा बसते. पंचेचाळीस भागिले नऊ, पाच. प्रत्येक नक्षीत नेमके पाच टाके हरवत होते. हात आवळ असल्याने असे हिशेबी नुकसान होत नसते. हा घोटाळा वाचनाचा होता.

आता आरंभीची ओळ पुन्हा पाहावी. ‘लोकर पुढे’ म्हणजे लोकर सुईवरून पुढे घेऊन एक रिकामा वेढा अधिक घेणे. याने एक टाका वाढतो व तेथे छिद्र पडते. ‘२ एकत्र’ म्हणजे दोन टाक्यांचा मिळून एक करणे. याने एक टाका घटतो. वहिनींनी ‘लोकर पुढे’ एकदा केले आणि ‘१ सुलट ६ वेळा’ म्हणून सहा टाके सुलट विणले. कागदाप्रमाणे त्यात चूक काहीच नाही! परंतु मूळ इंग्रजी पत्रकात तेथे कंस असले पाहिजेत: (लोकर पुढे, १ सुलट) ६ वेळा. म्हणजे वेढाही सहा वेळा घ्यावयाचा. उतरवून घेताना कंस गळाले आणि त्यांच्यासह प्रत्येक नक्षीतले पाच वेढे गेले. पाच हा आकडा आपणास आधीच मिळाला होता. तो येथे येऊन जुळला.

कोणताही गोंधळलेला कागद हाती आला, की आधी ही वजाबाकी करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. एका नक्षीत किती टाके खर्ची पडतात आणि किती नवे हाती येतात, एवढेच मोजावयाचे. वरील ओळीत दोन-दोन एकत्र असे आधी सहा टाके जातात, मधले सहा टाके सुलट जातात, पुन्हा दोन-दोन एकत्र असे सहा, एकूण अठरा. हाती काय येते? आधीचे तीन, मधले सहा वेढे व सहा सुलट मिळून बारा, नंतरचे तीन, पुन्हा अठराच. ज्या पांघरुणाच्या कडा सरळ उभ्या राहावयाच्या, त्याच्या ओळीत जमा आणि खर्च असे सारखे झालेच पाहिजेत. न झाल्यास सुया खाली ठेवून पेन्सिल उचलावी. हा हिशेब करावयास लोकर लागत नाही व एकदाही उसवावे लागत नाही.

कागद असे दुर्बोध का होतात, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. इंग्रजीतील विणकामाचे पहिले ज्ञात छापील वर्णन १६५५ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘नॅचुरा एक्झेंटेराटा’ या ग्रंथात आहे. ते पायमोज्यांचे आहे, आणि ते वाचून मोजा विणणे आजच्या अनुभवी हातांनाही जड जाते. पुढे एडिंबरोच्या जेन गॉगेन या बाईंनी १८४० साली आपले पुस्तक काढले आणि शब्दांऐवजी अक्षरांच्या खुणा वापरण्याची पद्धत रूढ होण्यास हातभार लावला. तारकेची खूण, कंस, आकडे यांनी पुष्कळ जागा वाचते, ही गोष्ट खरी. पण जेथे एवढी काटकसर असते, तेथे एक टिंब हरवले तरी अर्थ बदलतो. विणकामाच्या कागदात वर्णन असे नसतेच. ती सगळी आज्ञांची भाषा असते, आणि आज्ञेत अध्याहृत काही ठेवून चालत नाही.

इंग्रजीतून असे नमुने मराठीत आणण्याचे काम आमच्या मेजावर अनेकदा येते. त्या अनुभवावरून सांगते, की निम्मा गोंधळ परक्या भाषेचा असला, तर निम्मा आपल्या घरचा असतो. आपण विणीच्या टाक्याला ‘उलट’ म्हणतो आणि कापडाच्या मागच्या बाजूलाही ‘उलट’च म्हणतो. इंग्रजीत या दोहोंस निरनिराळे शब्द आहेत. मग ‘उलट ओळ सुलट विणावी’ असे वाक्य कागदावर आले, की वाचणाऱ्या बाईने काय समजावे? (ही ओळ ताईंच्या कागदात खरोखरच होती.) तिचा अर्थ एवढाच, की मागील बाजू आपल्याकडे असताना सगळे टाके सुलट विणावेत. म्हणून ‘उलट’ हा शब्द केवळ टाक्यासाठी राखून ठेवावा आणि कापडाला ‘दर्शनी बाजू’ व ‘मागील बाजू’ असे म्हणावे, हे बरे.

दुसरा शब्द ‘सुई’. ‘चार सुया सुलट’ म्हणजे चार ओळी. पण ‘चार सुयांवर विणावे’ म्हणजे खरोखरच्या चार सुया, जशा पायमोज्याला लागतात. हिंदीतही ‘सलाई’ या शब्दाचे असेच आहे. वहिनींच्या कागदाच्या समासात शेजारपाजाऱ्यांनी केलेल्या मदतीच्या खुणा होत्या. कोणी हिंदीत ‘जोड़ा’ आणि ‘जाली’ असे लिहिले होते, तर बंगाली शेजारणीने टाक्यांच्या जागी ‘घर’ हा शब्द घातला होता. बंगालीत विणकामातील टाक्याला घरच म्हणतात. शब्द मोठा गोड खरा, परंतु एका कागदावर टाका, फंदा आणि घर असे तिन्ही नांदू लागले, की वस्तू एक की तीन, असा संभ्रम पडावयाचाच. मदत तिघींनीही मनापासून केली होती. कंस मात्र तिघींपैकी कोणालाच माहीत असण्याचे कारण नव्हते.

सुयांच्या नंबराचाही एक सापळा आहे. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत रुजली. तीत नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत याच्या अगदी उलट. ब्रिटिश ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, तर अमेरिकन ८ नंबरची ५ मिलिमीटर. केवळ ‘८ नंबर’ एवढेच वाचून सुया घेतल्या, तर पांघरूण भलत्याच मापाचे होईल. यास्तव मिलिमीटरचा आकडा पाहावा. क्रोशाच्या बाबतीत तर याहून मौज आहे: इंग्लंडात ज्याला डबल क्रोशे म्हणतात, त्यालाच अमेरिकेत सिंगल क्रोशे हे नाव आहे. पत्रक कोणत्या देशाचे, हे आधी पाहिल्यावाचून त्यातल्या एकाही शब्दावर विसंबू नये.

आता तो कागद दुरुस्त होऊन कसा झाला, तो येथे देते. आपल्या घरीही उपयोगी पडेल. हा शेटलंड बेटांतील जुना, लाटांचा नमुना आहे. टाके अठराच्या पटीत घालून त्यांत कडांसाठी आठ मिळवावेत. पहिली ओळ, दर्शनी बाजू: सगळे टाके सुलट. दुसरी ओळ, मागील बाजू: ४ सुलट, शेवटचे चार राहीपर्यंत सगळे उलट, मग ४ सुलट. तिसरी ओळ, दर्शनी बाजू: ४ सुलट, नंतर (२ एकत्र) ३ वेळा, (लोकर पुढे, १ सुलट) ६ वेळा, (२ एकत्र) ३ वेळा, ही अठरा टाक्यांची नक्षी शेवटचे चार राहीपर्यंत पुन्हा पुन्हा, शेवटी ४ सुलट. चौथी ओळ, मागील बाजू: सगळे टाके सुलट. याच चार ओळी हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणत जाव्यात. प्रत्येक चौथ्या ओळीअखेर टाके मोजावेत. जेवढे घातले होते तेवढेच भरले पाहिजेत.

मात्र एकदम १७० टाके घालून बसू नये. आधी एकाच नक्षीचा तुकडा करावा: १८ आणि ८, म्हणजे २६ टाके. आठ-दहा ओळींतच कागद खरा की खोटा ते कळते, आणि खोटा निघाला तरी उसवावयास दहा मिनिटे पुरतात. वहिनींनी हाच तुकडा दुपारी घाटाच्या पायऱ्यांवर, उन्हात बसून विणला. बाराव्या ओळीनंतर त्यांनी तो गुडघ्यावर पसरला. मधले वेढे वर उचलले गेले होते, दोन्ही बाजूंचे जोडटाके खाली ओढले गेले होते आणि ओळीला वळण आले होते. ताईंनी कागदाच्या तळाशी ‘लाटा दिसू लागतील’ असे लिहिले होते. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि ताईंच्या अक्षरांत कोठेही खाडाखोड न करता, नाजूक हाताने तेवढे कंस घातले.

तुकड्याचा आणखी एक लाभ असा, की त्यावर मापही काढता येते. दहा सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते पट्टी ठेवून मोजावे. वहिनींच्या जाड लोकरीवर, ५ मिलिमीटरच्या म्हणजे ब्रिटिश ६ नंबरच्या सुयांनी, ते १७ भरले. तेव्हा १७० टाक्यांची रुंदी १०० सेंटिमीटर येणार, हे विणण्यापूर्वीच ठरले. म्हाताऱ्या माणसाला मांडीवर घ्यावयास तेवढी पुरते. अंथरुणावर हवे असेल, तर नक्षीच्या अठरा-अठरा टाक्यांनी रुंदी वाढवावी. मधलाच कोणता तरी आकडा घेऊ नये.

इतके टाके सरळ सुयांवर पेलत नसतील, तर तारेने जोडलेल्या लांब सुया वापराव्यात. त्याने पांघरुणाचा भार मनगटांवर न येता मांडीवर राहतो. तेही न जमल्यास तीन पट्ट्या कराव्यात. कडेच्या दोन पट्ट्यांना ५९ टाके आणि मधल्या पट्टीला ५६. यात शिवणीसाठी लागेल त्या बाजूस एक-एक टाका अधिक धरला आहे. तो टाका नक्षीत न घेता दर्शनी बाजूने सुलट आणि मागील बाजूने उलट विणावा. चुकले तर एक पट्टी उसवेल, सगळे पांघरूण नव्हे.

लोकर घेताना सर्व गुंड्यांवरील रंगाचा घाण-क्रमांक एकच आहे ना, ते दुकानातच पाहून घ्यावे; पुढे त्याच रंगाची लोकर आणली तरी घाण निराळा असल्यास पट्टा उठून दिसतो. शेवटी टाके बंद करताना हात सैल सोडावा. धुतल्यावर पांघरूण सपाट पसरून वाळवावे, दोरीवर टांगू नये. खालची-वरची कड वाकडी दिसते म्हणून इस्त्रीने सरळ करू पाहू नये. ती मूळचीच वळणाची आहे.