एका तोळ्याची गोळी

शिकारीच्या बंदुकीची गोळी जितकी वेगवान, तितकी ती नेमावर हटकून बसणार, अशी पुष्कळांची समजूत असते. वेगानें जाणारी वस्तु सरळ जाते, हा नित्याचा अनुभव या समजुतीच्या मुळाशीं आहे. परंतु ज्या देशांत अतिवेगवान रायफलींचें वेड वाढलें आणि जेथें असंख्य गृहस्थ आपल्या काडतुसांत स्वतःच्या हातानें दारू भरतात, त्या अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा शंभरांहून अधिक वर्षांचा अनुभव कांहीं निराळेंच सांगतो. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं बंदूक नसेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून आपल्याकडे शिकारीचे दिवस संपले, आणि परवान्यावांचून काडतुसें बनविणें हा तर गुन्हाच आहे. तरीहि या विषयांत रसायन, यंत्रशास्त्र व गणित हीं एकत्र येतात, आणि त्यांतील चुकीचें मोल मुक्या जनावराला द्यावें लागतें; म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

काडतुसाचीं अंगें चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली केप, आंत दारू आणि तोंडाशीं गोळी. चाप ओढला कीं केप पेटते, केपेनें दारू पेटते, आणि दारूचा वायु गोळीला नळींतून पुढें रेटतो. दारू व गोळी यांचें वजन तेथें ‘ग्रेन’ या मापानें सांगतात. हें माप आपल्याला वाटतें तितकें परकें नाहीं. इंग्रजी अमदानींत आपला तोळा जो ठरविला गेला, तो बरोबर १८० ग्रेनांचा. आणि पॉइंट तीस इंच व्यासाच्या रायफलीसाठीं मोठ्या शिकारीस फार लोकप्रिय झालेली गोळी १८० ग्रेनांचीच, म्हणजे नेमकी एक तोळा वजनाची! एक ग्रेन म्हणजे गुंजेच्या निम्म्याहून किंचित् अधिक. घरीं दारू भरणारा मनुष्य या ग्रेनाच्याहि दहाव्या भागाकडे लक्ष ठेवतो, यावरून त्याचा तराजू किती हळवा असला पाहिजे तें ध्यानांत येईल.

वेगाचें हें वेड काळ्या दारूच्या काळीं शक्यच नव्हतें. सोरा, गंधक व कोळसा यांची ती जुनी दारू गोळीला सेकंदास सुमारें तेराशें ते पंधराशें फूट वेग देई. इतक्या वेगानें जाणारी गोळी तीनशें यार्डांवर पोंचेपर्यंत नळीच्या रेषेखालीं दहा-अकरा फूट उतरे. तेव्हां अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फुकट जाई. १८८२ त स्विट्झर्लंडमध्यें एडुआर्ड रुबिन यानें शिशाच्या गोळीवर तांब्याचें कवच चढविलें, आणि १८८४ त फ्रान्समध्यें पॉल व्हिएल यानें बिनधुराची दारू सिद्ध केली. या दोन गोष्टी एकत्र येतांच वेगाचा बांध फुटला. १९१५ त अमेरिकेंत चार्ल्स न्यूटन यानें सॅव्हेज कंपनीसाठीं योजलेल्या काडतुसाच्या नांवांतच ‘तीन हजार’ हा आंकडा घातलेला होता. त्याची ८७ ग्रेनांची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनहि हलकी गोळी सेकंदास तीन हजार फूट जाई. १९३५ त विंचेस्टर कंपनीनें ‘स्विफ्ट’ नांवाचें काडतूस काढलें. त्याची ४८ ग्रेनांची गोळी ४,११० फूट वेगानें, म्हणजे ध्वनीच्या साडेतीन पटींहूनहि अधिक वेगानें, सुटते अशी जाहिरात होती. तीन हजार फूट वेगाची गोळी तीनशें यार्डांवर सुमारें वीस इंचच उतरते. वेगाचा खरा उपयोग हा एवढाच: अंतराच्या अंदाजांतील चूक तो झांकून घेतो. गोळी अधिक सारखी जाईल, असें वचन मात्र त्यानें कोणास दिलेलें नाहीं.

हा सारखेपणा हीच हातानें काडतुसें भरणाराची खरी तपश्चर्या. कारखान्यांतील काडतूस त्या जातीच्या प्रत्येक रायफलींत बसलें पाहिजे, म्हणून तें अंमळ सैल बेताचें करावें लागतें. घरीं भरणारा एकाच रायफलीसाठीं भरतो. बाजारांतून आणलेला सदरा आणि शिंप्यानें माप घेऊन शिवलेला सदरा यांत जो फरक, तोच येथें. बार झाला कीं पुंगळी फुगून रायफलीच्या ज्या घरांत ती बसते त्याचा आकार घेते, आणि पुढच्या वेळीं त्या घरांत ती अधिक नेटकी बसते. शिवाय पुंगळी हाच काडतुसाचा सर्वांत महाग भाग, तेव्हां काटकसरहि साधते. अर्थात् तिलाहि आयुष्य असतें. वारंवार फुगून व दाबली जाऊन पितळ कठीण होतें आणि पुंगळीच्या गळ्याला चीर जाते. आपला तांबट ठोकून ठोकून कडक झालेलें भांडें भट्टींत तापवून पुनः मऊ करतो, तीच युक्ति हे लोकहि योजतात. काटकसरीचा कळस दुसऱ्या महायुद्धांत झाला. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हां कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल येथें १९४३ त फ्रेड हंटिंग्टन यानें बारीक काडतुसांच्या उडून पडलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचीं कवचें घडविण्याचे सांचे बनविले, आणि त्यांतून पुढें मोठा कारखाना उभा राहिला.

दारूचें प्रमाण हा यांतील सर्वांत नाजूक भाग. अतिवेगवान रायफलींत वायूचा दाब चौरस इंचास पन्नास हजार पौंडांच्याहि वर जातो, आणि दारू थोडी वाढविली तर दाब त्या मानानें थोडाच वाढतो असें नाहीं. शेवटीं शेवटीं तो एकाएकीं उसळतो. उन्हाळ्यांत तापलेलें काडतूस हिवाळ्यांतल्यापेक्षां अधिक दाब देतें, तें निराळेंच. म्हणून जाणता मनुष्य प्रयोगशाळेंत तपासलेल्या कोष्टकापलीकडे पाऊल टाकीत नाहीं, खालच्या प्रमाणापासून आरंभ करतो आणि प्रत्येक बाराची नोंद ठेवतो. ज्याला हा संयम नाहीं त्यानें या नादास न लागणें बरें. बंदूक फुटते ती गालाजवळ.

या नोंदींतून एक चमत्कारिक गोष्ट दिसते. एका प्रमाणाला गोळ्या एकमेकींशेजारीं बसतात, अर्धा ग्रेन वाढवितांच त्या विखुरतात, आणि जेथें त्या उत्तम बसतात तें प्रमाण बहुधा सर्वांत अधिक वेगाचें नसतें. याचें एक कारण असें सांगतात कीं, बार होतांच नळी थरथरते. शाळेंतील मुलगा बांकाच्या कडेवर पट्टी दाबून धरतो आणि तिचें मोकळें टोंक टिचकीनें नाचवितो, तशीच. टोंक आपल्या फेऱ्याच्या शेवटीं क्षणभर मंदावतें. त्या वेळीं गोळी बाहेर पडली तर वेगांतील लहानसहान फरक बाधत नाहीं. या उपपत्तीबद्दल जाणकारांत एकमत नाहीं, आणि माझ्या मतें त्यांचा संशय रास्त आहे. कारण पुष्कळदां हा ‘चमत्कार’ तीन-तीन बारांवरच उभा असतो. दहा वेळां तीन-तीन गोळ्या झाडाव्यात आणि सर्वांत चांगला कागद तेवढा मित्रांस दाखवावा, हा प्रकार ज्योतिष्यानें खरीं ठरलेलीं भाकितें तेवढीं सांगण्यासारखाच. बार वाढवीत गेलें कीं पसारा वाढतो, हें गणितच आहे.

हें गणित धीरानें मांडणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील मिल्फर्ड गांवचा डॉक्टर फ्रँकलिन मॅन. यानें कोंबड्यांच्या खाद्यासाठीं हाडें दळण्याचें यंत्र काढून धंदा केला, पण त्याचें चित्त गुंतलें होतें गोळी कां भरकटते या प्रश्नांत. माणसाच्या हाताचा कंप टाळण्यासाठीं त्यानें रायफलीची नळी काँक्रीटच्या ओट्यावर बसविली, वाटेंत कागदाचे पडदे उभे केले, आणि प्रत्येक पडद्यावरील छिद्रावरून गोळीचा मार्ग आंखला. कांहीं गोळ्या तर त्यानें मुद्दाम विद्रूप करून झाडल्या. १९०९ त प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांतील निष्कर्ष लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. गोळीचें नाक चेपलें तरी ती फारशी बहकत नाहीं, परंतु बूड वांकडें असेल तर बाहेर पडतांना वायु एका बाजूनें निसटून तिला ढकलतो. तसेंच गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या आंसावर नसेल, तर नळींत ती पिळाच्या खोबणींनीं बळेंच नीट फिरविली जाते, पण बाहेर पडतांच वाट सोडून बाजूस जाते. भोंवरा एका अंगाला जड असला कीं घुमतांना कसा भेलकांडतो, तें कोणाहि मुलास ठाऊक असतें.

नेमावर बसलेल्या गोळीनेंहि काम होतेंच असें नाहीं, हें जॉन नॉस्लर या ओरेगॉनच्या शिकाऱ्यास १९४६ त उमगलें. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबियांत त्यानें एका मूसवर, म्हणजे घोड्याहूनहि उंच अशा प्रचंड सांबरावर, जवळून गोळ्या झाडल्या. जनावराच्या अंगावर चिखलाचा थर वाळला होता. नेम चुकला नव्हता. पण अतिवेगानें आलेल्या गोळ्या वरच्यावर फुटल्या आणि मर्मापर्यंत पोंचल्याच नाहींत. अशा घायाळ प्राण्याच्या यातनांची कल्पना वाचकांनींच करावी. गोळी वेगानें फुटली यांत दोष कोणाचा, हा विचार नॉस्लरला स्वस्थ बसूं देईना. त्यानें गोळीच्या पोटांत तांब्याची आडवी भिंत घातली व दोहों बाजूंस शिसें भरलें. पुढचा भाग फांकावा आणि मागचा अखंड राहून खोल जावा, हा हेतु. १९४८ त ही गोळी विक्रीस आली आणि आजहि विकली जाते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत रॉय वेदरबी वेगच मारतो असें प्रतिपादून अधिकाधिक वेगाचीं काडतुसें विकीत होता, आणि एल्मर कीथसारखे जुने शिकारी जड गोळीचा कैवार घेत होते. हा वाद तेथें अनेक वर्षें रंगला. दोन्ही पक्षांच्या हातीं शेवटीं नॉस्लरसारख्यांची गोळीच आली, हें गमतीचें आहे.

वेगाचें आणखी एक देणें असतें, आणि तें नळी देते. तप्त वायूच्या झोतानें काडतुसाच्या पुढचा नळीचा भाग झिजतो. थोड्या दारूनें मोठी गोळी लोटणाऱ्या रायफलींपेक्षां पुष्कळ दारूनें बारीक गोळी उडविणाऱ्या रायफली लौकर झिजतात. ‘स्विफ्ट’च्या पहिल्या पहिल्या रायफलींचा याबाबत दुर्लौकिकच झाला. पिळाचें तोंड पुढें सरतां सरतां गोळीची जी बैठक महिनोन् महिने खपून ठरविली ती बिघडते, कालपर्यंत शेजारीं शेजारीं बसणाऱ्या गोळ्या विखुरूं लागतात, आणि मालकास नोंदवहीचें कोरें पान काढून खालच्या प्रमाणापासून पुनः भरायला बसावें लागतें.